सहकारी शेतीचे गाव आणि कोकणाविषयीचा एक सोयीचा समज

कोकणातल्या पडीक जमिनींचा विषय निघाला, की वाद ठरलेल्या दोन बाजूंनी सुरू होतो आणि ठरलेल्या जागी येऊन थांबतो. एक बाजू म्हणते, जमिनी बाहेरच्यांना विकू नका, गावाने एकत्र येऊन सहकारी शेती करावी. इस्रायलने वाळवंटात जे केले ते आपल्याला तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात का जमू नये? दुसरी बाजू म्हणते, सहकार घाटावर चालतो, कोकणात नाही. जिथे सख्ख्या भावांत बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात, तिथे अख्ख्या गावाची शेती एक कशी होणार? पहिल्या बाजूकडे कळकळ आहे, परंतु सहकारी गाव नेमके कशावर उभे राहते याचा विचार नाही. दुसऱ्या बाजूकडे अनुभव आहे, परंतु त्यातून ती काढते तो निष्कर्ष माणसांच्या स्वभावाविषयीचा असतो, आणि दोष एकदा स्वभावावर टाकला की करण्यासारखे काही उरत नाही. माझे म्हणणे असे की सहकारी शेतीचे गाव सभासदांच्या चांगुलपणावर उभे राहत नाही. जे काम एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि जे झाले नाही तर सर्वांचेच बुडते, अशा कामाभोवती ते उभे राहते. अशी कामे कोकणात पूर्वी होती, आजही आहेत. ती आज होत नाहीत याची कारणे जमिनीच्या हक्कांत, कायद्यात आणि सरकारी कारभारात शोधली पाहिजेत.

‘कोकणी माणूस एकत्र येत नाही’ हे या वादातले सर्वांत जास्त वापरले गेलेले आणि सर्वांत कमी तपासले गेलेले विधान आहे. ते करणाऱ्यांनी अलिबाग तालुक्यातल्या चरीचा इतिहास आठवावा. १९३३ साली चरी आणि आसपासच्या २५ गावांतील कुळांनी खोतांची, म्हणजे सरकारचा सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरागत गावमालकांची, जमीन कसायची नाही असा निर्णय घेतला, आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे टिकवला. भातावर जगणाऱ्या माणसांनी सहा पावसाळे खोतांच्या खाचरांत भात लावले नाही आणि मिळेल त्या मजुरीवर दिवस काढले. या सहा वर्षांत संप फोडण्याचा मोह प्रत्येक घराला प्रत्येक मृगाला झाला असणार, कारण जो फुटेल त्याला खोताकडून जमीन आणि सवलत दोन्ही मिळाली असती. तरीही संप टिकला. याच काळात, १९३७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. त्यांत कोकणातली कुळे मोठ्या संख्येने होती. ही माणसे एकत्र येणारी नव्हती, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

संप हा अपवादाचा प्रसंग असतो, संकटात माणसे जवळ येतातच, असे यावर कोणी म्हणेल. मग रोजच्या धंद्यातले उदाहरण घेऊ. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून कित्येक माणसांनी मिळून ओढायची, असे हे काम आहे. मासळी मिळाली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, सगळे आधी ठरलेले. भांडणे होतात, पण भांडणानंतरही दुसऱ्या दिवशी रापण लागते, कारण एकट्याने ती ओढताच येत नाही. याच किनाऱ्यावरची हीच माणसे शेतीत मात्र सुटी सुटी का होतात? स्वभाव कारण असता तर तो समुद्राकडे तोंड केल्यावर वेगळा आणि डोंगराकडे तोंड केल्यावर वेगळा झाला नसता.

शेतीतही एकेकाळी असे नव्हते, याचा पुरावा खारेपाटात आहे. अलिबाग, पेण या भागांत समुद्राला आणि खाड्यांना बांध घालून जी भातजमीन काढली गेली, तिचा प्रत्येक गुंठा सामूहिक कामाचे फळ आहे. या शेतीचे तंत्र साधे पण निर्दय आहे. बाहेरचा बांध भरतीचे पाणी अडवतो. बांधातली उघाडी ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाऊ देते आणि भरतीला बंद होते. उधाणाच्या भरतीने बांधाला एका जागी जरी खांड पडली, तरी खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही, आतल्या सगळ्या शेतांत पसरते, आणि ते मीठ धुऊन जायला पुढचे पावसाळे जावे लागतात. ‘माझा तुकडा मी सांभाळीन’ ही भूमिका इथे भौतिकदृष्ट्याच अशक्य आहे. म्हणून बांधाच्या कामाला माणूस देणे हे खारेपाटातल्या कसणाऱ्या घराचे कर्तव्य होते. जुन्या शिलोत्री पद्धतीत तर बांधाच्या डागडुजीसाठी कसणाऱ्यांकडून धान्याची वेगळी वर्गणी घेतली जात असे. ही पद्धत न्याय्य होती असे मी म्हणत नाही. तिच्यात मालक मालक होता आणि कूळ कूळ. पण बांध ही सगळ्यांची बाब आहे हे तिच्यात प्रत्येकाला ठाऊक होते.

पुढे काय झाले? १९४८ मध्ये खारजमिनींसाठी मुंबई प्रांताचा कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला, आणि बांध बांधण्याची व राखण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर सरकारकडे गेली. यात चांगले पुष्कळ होते. दगडी अस्तर, पक्क्या उघाड्या, यंत्रे आणि निधी गावाच्या ताकदीबाहेरचे होते. मात्र बांध मोठ्या खर्चावर जितका टिकतो तितकाच तो रोजच्या नजरेवर टिकतो. खेकड्याने पाडलेले बीळ पहिल्या दिवशी दोन घमेली चिखलाने बुजते. त्याच बिळाची खांड झाली की अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा लागते, आणि तोपर्यंत दोन उधाणे येऊन जातात. बांध सरकारचा झाला तेव्हा त्यावरून फिरणारी गावाची नजर हळूहळू गेली. माणसे बिघडली म्हणून हे झाले नाही. नजर ठेवण्याचा अधिकार, पैसा आणि जबाबदारी गावाकडून काढून घेतली गेली आणि तिच्या जागी दूरचे कार्यालय आले, म्हणून हे झाले.

या बाबतीत कोकणच्या दक्षिण टोकाचा, गोव्याचा, इतिहास अधिक बोलका आहे, आणि सहकारी शेतीच्या गावाचे जुने उदाहरण परदेशात शोधणाऱ्यांनी तो आधी पाहावा. गोव्यातली गांवकरी ही संस्था पोर्तुगीज येण्यापूर्वीची. १५२६ साली पोर्तुगिजांनी तिचे रीतिरिवाज लेखी नोंदवले, त्याअर्थी ती तेव्हा पुरेशी रुजलेली होती. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांच्या वंशजांची, म्हणजे गांवकरांची, गावाच्या जमिनीवर सामाईक मालकी असे. खाडीकाठच्या खाजन शेतीचे बांध आणि पाण्याची दारे, ज्यांना तिथे मानस म्हणतात, ती सांभाळणे हे सामाईक काम. शेते ठरावीक मुदतीसाठी लिलावाने कसायला दिली जात, उत्पन्नातून आधी कर, बांध, देवस्थान आणि गावसेवक यांचा खर्च भागे, आणि उरलेल्यातून गांवकरांना वाटा मिळे. थोडक्यात, मालकी सामाईक, कसणे वेगवेगळे आणि बांध सर्वांचा, अशी ही रचना होती, आणि ती राज्यकर्ते बदलले तरी शतकानुशतके टिकली.

गांवकरीचे गोडवे गाऊन थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. वाटा पुरुषवंशाने जाई. बाहेरून येऊन गावात पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळणाऱ्याला गांवकर होता येत नसे. वाटा घेणारा आणि चिखलात उतरणारा हे पुष्कळदा दोन वेगळे लोक असत. म्हणून १९६४ चा कुळकायदा आणि नंतर कसणाऱ्याला मालक ठरवणारी १९७६ ची दुरुस्ती या न्यायाच्या गोष्टी होत्या. पण त्या करताना एक प्रश्न अर्धवट सुटला: जमीन कुळाची झाली, तर बांध कोणाचा? बांध आणि मानशी कुळांच्या मंडळांकडे आल्या. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव हे उत्पन्नाचे सोपे साधन ठरले, आणि अनेक ठिकाणी जास्त मासळीसाठी दार हवे तेव्हा उघडे ठेवल्याने खारे पाणी शेतात शिरू लागले. भात गेला, खाजने पडली. हक्काची वाटणी न्याय्य झाली, सामाईक कामाची वाटणी मात्र नीट झाली नाही.

आपल्याकडे, म्हणजे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत, हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालकी दिली. या कायद्यांमागे चरीच्या संपाचे बळ होते, आणि ते मागे घ्यावेत असे म्हणणाऱ्याशी माझे कधीच जुळणार नाही. पण त्यानंतर मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या, वारसांची वाढती संख्या आणि लहान होत गेलेले तुकडे यांनी मिळून जे केले ते कोणत्याही सातबाऱ्यावर दिसते. आजोबांचे नाव, त्यांच्या मुलांची, मुलींची, नातवंडांची नावे. अर्धी माणसे मुंबई-ठाण्यात, काही हयात नाहीत, वाटप कधी झालेलेच नाही. अशा जमिनीवर कसायला कोण उतरणार, आणि कोणाच्या परवानगीने?

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे. सहकारी शेतीचा प्रयोग या देशात झालेला आहे आणि तो बहुतांशी फसलेला आहे. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. चरणसिंगांनी पक्षात राहून त्याला विरोध केला. राजाजी, रंगा, मसानी यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला, आणि त्या पक्षाच्या जन्मामागे या ठरावाची भीती होतीच. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत देशभर ३२० पथदर्शी प्रकल्प आखले गेले. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या प्रयोगांचा आढावा घेण्याची वेळ आली. पुष्कळ संस्था नावापुरत्या होत्या: जमीनधारणेच्या कमाल मर्यादेतून सुटण्यासाठी किंवा अनुदानासाठी एकाच घरातल्या माणसांनी काढलेल्या. सहकारावर माझ्याइतकाच विश्वास असणाऱ्या प्रत्येकाने हे मान्य केले पाहिजे, कारण हा इतिहास लपवून नवी संस्था काढली तर तीही त्याच वाटेने जाईल.

चीनचा अनुभव याहून कठोर आहे. तिथे १९५८ पासून शेती कम्यूनच्या, म्हणजे अनेक गावे मिळून केलेल्या सामूहिक संस्थांच्या, ताब्यात गेली आणि त्यापाठोपाठ भीषण दुष्काळ पडला. १९७८ च्या हिवाळ्यात आनहुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या १८ कुटुंबांनी गुपचूप अंगठे उठवून शेते आपापसांत वाटून घेतली. पिके वाढली, आणि पुढे सरकारलाच ती वाट धरावी लागली. ज्या इस्रायलचा दाखला आपल्याकडे सतत दिला जातो, तिथले १९१० साली स्थापन झालेले पहिले किबुत्झ (सगळे सामाईक ठेवणारी शेतवसाहत), दगानिया, यानेही २००७ मध्ये सारख्या वाटपाची पद्धत सोडून कामाप्रमाणे वेतन स्वीकारले. माणूस दुसऱ्याच्या शेतात आपल्या शेतासारखा राबत नाही, हा आक्षेप या सगळ्यांतून खरा ठरत नाही काय?

ठरतो, पण एका मर्यादेपर्यंत. शियाओगांगच्या शेतकऱ्यांनी नाकारली ती कामाची आणि पिकाची बेहिशेबी सरमिसळ, जिच्यात कोण किती राबला याला अर्थ उरला नव्हता. जमिनीची मालकी तिथे त्यानंतरही सामूहिकच राहिली. बदलला तो मेहनत आणि फळ यांचा संबंध. इस्रायलमध्येही १९२१ साली वसलेल्या नहलालने किबुत्झपेक्षा निराळी वाट पहिल्या दिवसापासून धरली होती: प्रत्येक कुटुंबाचे शेत वेगळे, खरेदी आणि विक्री मात्र एकत्र. शेतीत अनेक वेगवेगळी कामे असतात आणि त्यांतली काही एकत्र केल्यानेच होतात, काही एकत्र केल्याने बिघडतात, एवढाच बोध या फसलेल्या प्रयोगांतून घ्यायला हवा. रोप लावणे, निंदणे, फळाची निगा राखणे यांत घरची नजर लागते. बांध, पाणी, राखण, अवजारे आणि विक्री यांत घर एकटे पडले की हरते. १९५९ च्या उत्साहात हा भेद पुसला गेला, आणि आजच्या वादातही दोन्ही बाजू तो पुसतच बोलतात.

जिथे हा भेद राखला गेला तिथे सहकारी शेती टिकली आहे. गुजरातेत मही नदीच्या काठी गंभीरा गावात १९५३ साली सामुदायिक शेतीची संस्था स्थापन झाली. नदीने प्रवाह बदलला, आसपासच्या गावांची जमीन गेली, आणि सरकारने दिलेली पडीक जमीन एकट्या कुटुंबाला लागवडीखाली आणणे शक्य नव्हते. संस्थेने सभासदांचे लहान गट केले. बियाणे, पाणी, ट्रॅक्टर आणि विक्री संस्थेकडे, शेतातले काम गटाकडे, आणि गटाचा मोबदला त्याच्या पिकाशी जोडलेला. सुमारे ५०० एकरांवरची ही संस्था त्या काळच्या बहुतेक संस्था बंद पडल्यावरही चालत राहिली. आपल्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला १९६९ साली मधुकरराव देवलांनी दलित कुटुंबांच्या सावकाराकडे अडकलेल्या जमिनी सोडवून संयुक्त शेतीची संस्था उभी केली. तिथेही एकट्याला न पेलणारी गोष्ट होती: कर्ज. केरळच्या कुट्टनाडात समुद्रसपाटीखालच्या भातशेतांतून पाणी उपसावे लागते; एका शेतातले पाणी एकट्याने उपसता येत नाही, म्हणून पाडशेखरांच्या, म्हणजे एकाच बांधाआतल्या शेतांच्या गटांच्या, समित्या उपशाची आणि पेरणीची वेळ एकत्र ठरवतात, पीक मात्र ज्याचे त्याचे राहते. या तिन्ही ठिकाणच्या माणसांचे स्वभाव आपल्यापेक्षा काही निराळे आहेत काय? निराळी आहे ती संस्थेची जोडणी.

मग कोकणात असे न पेलणारे काम आज कोणते? खारेपाटाचा बांध तर आहेच. आतल्या गावांतले सर्वांत निकडीचे काम, माझ्या मते, राखण. शेजारची दहा खाचरे पडीक पडली, त्यांत रान माजले, आणि मधल्या एकाने हौसेने भात केले, तर ते भात रानडुकरांसाठी केल्यासारखे होते. वानर आणि माकडांनी भाजीपाला, नारळ, केळी यांचा नाद सोडायला लावला आहे. दोडामार्गाकडे हत्तींची, इतरत्र गव्यांची भर पडली आहे. एकट्या शेतकऱ्याने अर्ध्या एकराला कुंपण घालायचे तर कुंपणाचा खर्च पिकाहून जास्त होतो. तेच कुंपण सलग पन्नास एकरांच्या मळ्याला घातले तर दर एकरी खर्च कितीतरी खाली येतो, कारण क्षेत्र वाढते त्या प्रमाणात परिघ वाढत नाही, आणि राखणीची पाळी महिन्यातून एखाद्या रात्रीवर येते. शेती सोडणाऱ्या माणसाला आळशी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला आहे काय? सभोवतालची शेते पडीक असताना एकट्याने शेती सोडणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो, आणि सगळ्यांनी घेतलेल्या या एकेकट्या शहाणपणाच्या निर्णयांनी मिळून गाव ओसाड पडते.

दुसरे काम वायंगणीचे. भाताची कापणी झाल्यावर वहाळाला माती, दगड आणि पेंढ्याचा बांध घालून, पाटाने पाणी फिरवून दुसरे भात किंवा भाजी घेण्याची रीत कोकणात जुनी आहे. त्यासाठी दोन गोष्टी गावाने मिळून ठरवाव्या लागतात: बांध घालण्याचा दिवस आणि गुरे मोकाट न सोडण्याचा नियम. पावसाळी भात झाले की गुरे सोडून द्यायची हा रिवाज पहिल्या पिकापुरता सोयीचा होता, पण दुसरे पीक घेऊ पाहणाऱ्याला तो एकट्याला गाठतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, याला जांभ्या दगडाची जमीन आणि उतार कारणीभूत आहेत हे खरे. पण दिवाळीनंतर वाहून जाणारे पाणी अडवण्याचे काम करणारी गावाची संस्था राहिली नाही, हेही तितकेच खरे.

हापूसच्या बागेला मात्र मी सहकारी शेतीत ओढणार नाही. कलमाला घरच्या माणसाची नजर लागते, आणि बागा जिथे उभ्या आहेत तिथे त्या खासगीरीत्याच नीट चालल्या आहेत. तिथे सहकार हवा तो काढणीनंतर, पेटी वाशीच्या दलालाकडे जाण्यापूर्वी. त्यासाठी २००३ पासून शेतकरी उत्पादक कंपनीची सोय कायद्यात आहे आणि तिचा उपयोग करून घेतला पाहिजे. काहींना वाटते की या कंपन्या आल्या, आता सहकारी शेतीची चर्चाच नको. त्यांना एवढेच विचारायचे: जी जमीन पिकतच नाही, तिचा माल ही कंपनी विकणार कोठून?

राहतो तो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो कायद्याचा आहे. मुंबईत राहणारा मालक म्हणतो, मी जमीन कसायला दिली आणि उद्या कसणाऱ्याचे नाव कूळ म्हणून लागले तर? ही भीती काल्पनिक नाही. कुळकायद्याच्या इतिहासात तिचे मूळ आहे. म्हणून तो जमीन तोंडी देतो, वर्षावर्षाला माणूस बदलतो, किंवा पडीक ठेवतो. तोंडी जमिनीवर कसणारा ना बांध दुरुस्त करतो, ना खत टाकतो, आणि पीककर्जासाठी त्याच्याकडे कागद नसतो. यावर एक टोकाचा उपाय ग्रामदानाचा आहे. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. त्यांच्या चळवळीतून आलेला ग्रामदान कायदा महाराष्ट्रात १९६४ पासून आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०१३ मध्ये गावाची जमीन ग्रामसभेच्या नावे करून दाखवली. ज्या गावाला ते जमेल त्याने जरूर करावे. पण ज्या प्रदेशात सातबाऱ्यावरचे नाव हा मुंबईच्या चाळीतल्या खोलीत राहणाऱ्या घराचा गावाशी उरलेला शेवटचा धागा आहे, तिथे पहिलेच पाऊल म्हणून ते नाव काढून द्या असे सांगणे म्हणजे चर्चा तिथेच संपवणे होय.

त्यापेक्षा मधला मार्ग आहे. मालकी जागच्या जागी राहील आणि कसण्याचा हक्क दहा-पंधरा वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने गावाच्या संस्थेकडे जाईल, अशी तरतूद हवी. भाडेपट्ट्याने मालकी जात नाही आणि मुदतीपर्यंत कसणाऱ्याला कोणी उठवू शकत नाही, हे दोन्ही कायद्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेले असले पाहिजे. नीती आयोगाने २०१६ मध्ये भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा याच हेतूने केला होता. त्याला कोकणासाठी एक जोड हवी: वाटप न झालेल्या जमिनीत बहुसंख्य हिस्सेदारांनी पट्ट्याला संमती दिली, तर ती पुरेशी मानावी, आणि पत्ता नसलेल्या हिस्सेदाराचे भाडे त्याच्या नावे संस्थेत जमा राहावे. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जी ताकद उभी केली, तिचा काही भाग या संमतीपत्रांसाठी खर्च केला, तर कागदाचे काम सरकारची वाट न पाहता सुरू होऊ शकते.

हे सगळे जमले, तरी कसणार कोण, हा प्रश्न उरतो, आणि इथे सहकारी गावाच्या समर्थकांशी माझा सर्वांत मोठा मतभेद आहे. त्यांच्या मनातल्या गावात सभासद म्हणजे जमीनमालक. प्रत्यक्षात कोकणात आज चिखलात उभी आहेत ती माणसे कोण आहेत? लावणी करणाऱ्या बाया, ज्यांची नावे सातबाऱ्यावर क्वचितच असतात. रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबे, ज्यांना घराखालची जमीनही पुष्कळदा स्वतःची नसते. आणि बाहेरून आलेले मजूर. यांना वगळून मालकांची संस्था काढली तर ती गांवकरीची जुनी चूक नव्या नोंदणी क्रमांकाने करील: वाटा एकाचा, चिखल दुसऱ्याचा. इस्रायलचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरे द्यावे. नहलाल ज्या खोऱ्यात वसले, तिथल्या मोठ्या जमिनी दूर शहरांत राहणाऱ्या जमीनदारांकडून विकत घेतल्या गेल्या आणि त्या कसणाऱ्या अरब कुळांना तिथून उठावे लागले. दूर राहणाऱ्या मालकांनी कागदावर सही केली आणि कसणारा रस्त्यावर आला, ही कथा खोती भोगलेल्या कोकणाला परकी वाटू नये.

ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली संविधान सभेसाठी केलेल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातधर्माचा भेद न करता गावातल्या कुटुंबांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे भेदच उरणार नाहीत, अशी मांडणी केली होती. राज्याच्या मालकीचा त्यांचा उपाय आज मी सुचवणार नाही, कारण खारबांधांच्या बाबतीत दूरच्या कार्यालयाचे काय होते ते आपण पाहिले आहे. पण त्यांनी लावलेली कसोटी सोडता येणार नाही. कोकणात गावाची शेतीसंस्था काढायची असेल, तर पहिली खांड बुजवण्यापूर्वी आणि पहिले कुंपण घालण्यापूर्वी तिच्या उपविधीत कातकरी कुटुंबाला, लावणी करणाऱ्या बाईला आणि राखणीला बसणाऱ्या माणसाला जमीन असो वा नसो, सभासदत्व, एक मत आणि पिकातला ठरलेला वाटा लिहून द्यावा लागेल, आणि हा वाटा मुंबईतल्या मालकाच्या भाड्याआधी काढावा लागेल.